होस्टवर हार्डन्ड कर्नेल, वर व्हीएम आणि कंटेनर: नक्की काय कुठे घट्ट करायचं?

करवंद_रत्नागिरी
एका पतसंस्थेच्या मुख्य शाखेत एकच सर्व्हर आहे. आठ कोअरचा झिऑन, ६४ जीबी ईसीसी रॅम, दोन एसएसडी झेडएफएस (फाइलसिस्टिम) मिररमध्ये, त्यावर प्रॉक्समॉक्स ८ (व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, आणि कंटेनर चालवणारी सिस्टिम). एक विंडोज सर्व्हर व्हीएम (हिशेबाचं सॉफ्टवेअर), एक डेबियन व्हीएम (पोस्टग्रेस) आणि तीन एलएक्ससी कंटेनर: सांबा (फाइल शेअरिंग), वायरगार्ड (व्हीपीएन) आणि बाहेरून दिसणारी वेबसाइट.

तपासणीत शेरा आलाय: "होस्टचा कर्नेल हार्डन करावा." (होस्ट म्हणजे खालचं मूळ मशीन, कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हार्डन म्हणजे हल्ल्याविरुद्ध घट्ट करणं.) पुढे काहीच नाही, नेहमीप्रमाणे. लिनक्स-हार्डन्डचा (सुरक्षेचे जादा बदल असलेला) पॅच लावून कर्नेल स्वतः बांधायचा का? की आहे त्याच कर्नेलला बूट पॅरामीटर आणि सिसकंट्रोल (चालू कर्नेलची सेटिंग) पुरतं? होस्टवर करायचं, गेस्टमध्ये (म्हणजे व्हीएमच्या आत), की दोन्हीकडे? पावसाळ्यात लाइट जाते हे गृहीत धरूनच सांगा. (आज्ञा इथे देवनागरीतच लिहू, टाइप करताना ज्याने त्याने रोमन करावं.)

सुरमई६४
कर्नेलला हात लावण्याआधी मांडणी बघा. कंटेनरला स्वतःचा कर्नेल नसतो. वेबसाइटच्या कंटेनरमध्ये कोणी घुसला की तो थेट होस्टच्या कर्नेलशी बोलतो, तीनशेच्या वर सिस्टिम कॉल (कर्नेलला काम सांगायचे मार्ग) त्याच्यासमोर उघडे. व्हीएममध्ये घुसलेल्याला आधी गेस्टचा कर्नेल फोडावा लागतो आणि त्यानंतर क्यूईएमयूचं नकली हार्डवेअर किंवा केव्हीएम (होस्टच्या कर्नेलमधला व्हीएम चालवणारा भाग). तुमच्याकडे सगळ्यात उघडी वस्तू सगळ्यात पातळ भिंतीमागे आहे. वेबसाइट कंटेनरमधून काढा आणि व्हीएममध्ये टाका, मग बाकीचं बोलू. नाहीतर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

जांभा_दगड
एवढं घाबरायचं कारण नाही. कंटेनर अनप्रिव्हिलेज्ड असेल तर आतला रूट (सर्वाधिकारी यूझर) म्हणजे होस्टवर यूआयडी (यूझर क्रमांक) १०००००, म्हणजे कोणीच नाही. वर ॲपआर्मर आणि सेककॉम्प (प्रोग्रामला काय करता येईल त्यावरचे कर्नेलचे निर्बंध) आहेतच. एका साध्या वेबसाइटसाठी वेगळा व्हीएम म्हणजे दोन जीबी रॅम फुकट.

सुरमई६४
@जांभा_दगड, ६४ जीबीत दोन जीबीचं दुःख कशाला?

यूआयडीचा मुद्दा फाइलींच्या परवानगीपुरता बरोबर आहे. कर्नेलमध्येच भोक असेल तर त्याला यूआयडी विचारतो कोण? जानेवारी २०२२ मधलं सीव्हीई-२०२२-०१८५ (सुरक्षेतल्या भोकाचा नोंद क्रमांक) घ्या. फाइलसिस्टिम माउंट करतानाचे पर्याय वाचणाऱ्या कोडमध्ये वजाबाकी चुकली आणि हीपमध्ये (कर्नेल गरजेप्रमाणे घेतो त्या मेमरीत) ठरलेल्या जागेच्या बाहेर लिहिता येऊ लागलं. त्यासाठी लागत होता कॅप_सिस_ॲडमिन (जवळपास रूटएवढा अधिकार), आणि तोही स्वतःच्या यूझर नेमस्पेसमधला (यूझरांच्या वेगळ्या जगातला) चालत होता. अनप्रिव्हिलेज्ड कंटेनरच्या रूटकडे तो असतोच.

उलट बाजूही सांगतो, म्हणजे हार्डनिंगवाले हुरळायला नकोत. त्याच वर्षी मार्चमधलं डर्टी पाइप हे तर्कातलं भोक होतं. पाइप बफरचा एक झेंडा साफ करायचा राहिला आणि केवळ वाचनाची परवानगी असलेल्या फाइलच्या पेज कॅशमध्ये (मेमरीतल्या प्रतीत) लिहिता आलं. त्यात मेमरी करप्शन नाहीच, त्यामुळे हीप कितीही घट्ट करा, ते थांबत नाही. वेळेवर अपडेट हाच उपाय. म्हणून स्वतः बांधलेला कर्नेल घेऊन सहा महिने मागे राहणं हे डिस्ट्रोचा साधा कर्नेल वेळच्या वेळी बदलण्यापेक्षा वाईट.

तिरफळ
जुन्या लोकांना आठवत असेल, लिनक्स-व्हीसर्व्हर (कंटेनरसारखी जुनी सोय) आणि जीआरसिक्युरिटी (कर्नेल घट्ट करणारा पॅच) एकत्र करून पॅच लावायचे दिवस. दोन्ही पॅच कर्नेलच्या त्याच फाइलींना हात घालायचे, त्यामुळे दोन वेगवेगळे पॅच एकामागून एक लावले की रिजेक्ट फाइलींचा ढीग. एकत्र केलेला पॅच मिळाला तरच धडगत. आणि बांधून झाल्यावर कंटेनर उठायचाच नाही, कारण जीआरसिक्युरिटीचे क्रूटवरचे (प्रोग्रामला एका फोल्डरात कोंडण्याच्या सोयीवरचे) निर्बंध. क्रूट_डिनाय_माउंट, क्रूट_डिनाय_पिव्हट, क्रूट_डिनाय_सीएचमॉड आणि क्रूट_कॅप्स हे चार शून्य केल्याशिवाय एलएक्ससीसुद्धा हलत नसे. शून्य करायचे तेही जीआरसेक_लॉक लावण्याआधी, नंतर रीबूटशिवाय बदल नाही.

व्हर्च्युअलायझेशनसाठी तिथे कॉन्फिगमध्येच प्रश्न होते: होस्ट की गेस्ट, हार्डवेअरला ईपीटी (व्हीएमच्या मेमरीसाठी प्रोसेसरमधली मदत) आहे की नाही, झेन की केव्हीएम की व्हीएमवेअर. हे उगाच नव्हतं. पॅक्सचे (जीआरसिक्युरिटीतला मेमरी सुरक्षेचा भाग) कर्नएक्झेक आणि यूडीरेफ जुन्या, ईपीटी नसलेल्या प्रोसेसरवर गेस्टला रांगायला लावायचे.

२०१५ मध्ये जीआरसिक्युरिटीवाल्यांनी स्टेबल पॅच सार्वजनिक देणं बंद केलं, एप्रिल २०१७ मध्ये टेस्ट पॅचही. आता ते पैसे भरणाऱ्यांना मिळतात. लिनक्स-हार्डन्ड हा वेगळा, बराच छोटा पॅच आहे. त्यात पॅक्सची ताकद शोधू नका.

करवंद_रत्नागिरी
@तिरफळ, माहितीबद्दल आभार. म्हणजे आजच्या तारखेला बांधायची गरज कितपत? आर्चवर लिनक्स-हार्डन्ड तयार मिळतो, डेबियनवर नाही.

वेंगुर्लेकर_रूट
होस्टसाठी बांधू नका. स्टॅकप्रोटेक्टर स्ट्राँग, व्हीमॅप स्टॅक, हार्डन्ड यूझरकॉपी, स्लॅब फ्रीलिस्टचं रँडमायझेशन, हे मेमरीवरचे हल्ले अडवणारे पर्याय डेबियनच्या आणि प्रॉक्समॉक्सच्या साध्या कर्नेलमध्ये आधीपासून चालू आहेत. खात्री करायची तर अलेक्झांडर पोपोव यांचं कर्नेल-हार्डनिंग-चेकर चालवा, पण त्याच्या यादीतली प्रत्येक लाल ओळ हिरवी करायच्या मागे लागू नका. त्यातल्या काही ओळी व्हीएम होस्टला परवडत नाहीत.

बूट ओळीत हे घाला: स्लॅब_नोमर्ज, पेज_अलॉक.शफल=१, रँडमाइझ_केस्टॅक_ऑफसेट=ऑन, व्हीसिसकॉल=नन, इनिट_ऑन_अलॉक=१. इनिट_ऑन_फ्री होस्टवर सोडून द्या. मोकळं होणारं प्रत्येक पान पुसायचा खर्च इनिट_ऑन_अलॉकपेक्षा जास्त असतो, आणि झेडएफएस तर सतत पानं घेत-सोडत असतं. खरं म्हणजे इनिट_ऑन_अलॉकचाही झेडएफएसला फटका बसतो, म्हणून आधी आणि नंतर एफआयओने (डिस्कचा वेग मोजणारं टूल) मोजा. मोठ्या व्हीएमची रॅम ह्यूजपेजवर (आधीच राखलेल्या मोठ्या पानांवर) ठेवलीत तर गेस्टच्या मेमरीपुरता तो प्रश्न राहत नाही.

इथे बहुतेक जण फसतात ते सांगतो. झेडएफएस रूट आणि यूईएफआय असलेला प्रॉक्समॉक्स सहसा ग्रब या बूटलोडरने बूट होत नाही, सिस्टिमडी-बूटने होतो. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब मध्ये कितीही लिहा, काही होणार नाही. /ईटीसी/कर्नेल/सीएमडीलाइन ही फाइल एकाच ओळीत ठेवा, मग प्रॉक्समॉक्स-बूट-टूल रिफ्रेश. सिक्युअर बूट चालू असेल तर मात्र ग्रबच. रीबूटनंतर /प्रॉक/सीएमडीलाइन वाचून बघा, नुसतं "केलं" म्हणू नका.

सिसकंट्रोलमध्ये: केपीटीआर_रिस्ट्रिक्ट=२, डीमेसेग_रिस्ट्रिक्ट=१, अनप्रिव्हिलेज्ड_बीपीएफ_डिसेबल्ड=१, बीपीएफ_जिट_हार्डन=२, यामा.पीट्रेस_स्कोप=२.

आणि एक ओळ घालू नका: यूझर.मॅक्स_यूझर_नेमस्पेसेस=०. बऱ्याच हार्डनिंगच्या याद्यांत ती असते. ही मर्यादा रूटलाही लागू होते, त्यामुळे तुमचे अनप्रिव्हिलेज्ड कंटेनर उठणार नाहीत. डेबियनच्या कर्नेलमधली कर्नेल.अनप्रिव्हिलेज्ड_यूझरएनएस_क्लोन=० चालते. ती फक्त सामान्य यूझरला अडवते, आणि प्रॉक्समॉक्स कंटेनर रूट म्हणून सुरू करतो.

कोकम_सरबत
हे सगळं करा, फक्त सर्व्हर रूमची किल्ली शिपायाच्या टेबलाच्या खणात ठेवू नका.

पाणकावळा
वेंगुर्लेकरांच्या यादीत केएसएम राहिलं. अनेक व्हीएमची सारखी पानं एक करून रॅम वाचवणारं ते. एका व्हीएमला दुसऱ्याच्या मेमरीत काय आहे हे वेळ मोजून ताडता येतं. २०१६ च्या फ्लिप फेंग शुई हल्ल्यात तर त्याच जोडीला रोहॅमर (मेमरीची एक ओळ वारंवार वाचून शेजारचा बिट उलटवायची युक्ती) वापरून शेजारच्या व्हीएममधला बिट उलटवून दाखवला होता. ६४ जीबीत तुम्हाला ते नकोच. केएसएमट्यून्ड सेवा बंद करा, आणि मग /सिस/कर्नेल/एमएम/केएसएम/रन मध्ये २ लिहा. ० लिहिलंत तर नवीन जोडणं थांबतं, पण आधी जोडलेली पानं तशीच राहतात.

दुसरं म्हणजे सीपीयूचा प्रकार. जुन्या प्रॉक्समॉक्सवर बनवलेले व्हीएम केव्हीएम६४ या प्रकारावर असतात. होस्टवर सगळं नीट, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला, अपडेट करता येणारा कोड) ताजा, आणि गेस्टमध्ये /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/व्हल्नरेबिलिटीज उघडलं की "व्हल्नरेबल". कारण स्पेक-कंट्रोल आणि एमडी-क्लिअर हे झेंडे गेस्टपर्यंत पोहोचतच नाहीत. एकच होस्ट असेल, लाइव्ह मायग्रेशन नसेल, तर सीपीयू प्रकार सरळ "होस्ट" करा. मायक्रोकोडचं पॅकेज डेबियन १२ मध्ये नॉन-फ्री-फर्मवेअर विभागात आहे, तो विभाग सोर्सेस यादीत असायला हवा.

जांभा_दगड
नोएसएमटीचं काय? आठ कोअरचे सोळा धागे, ते बंद केले की विंडोजवाले बोंब मारणार.

पाणकावळा
गेस्टमध्ये परके लोक असतील (भाड्याने व्हीएम देत असाल) तर नोएसएमटी. सगळे गेस्ट एकाच संस्थेचे, तर मिटिगेशन्स=ऑटो वर ठेवा आणि झोपा. मधला मार्ग हवा असेल तर कर्नेल ५.१४ पासून कोअर शेड्युलिंग आहे, एका कोअरच्या दोन धाग्यांवर एकाच गटाचं काम बसवतं. पण प्रॉक्समॉक्समध्ये त्यासाठी टिकमार्क नाही, हाताने करावं लागतं.

नेस्टेड (व्हीएमच्या आत व्हीएम) मात्र बंद करा: केव्हीएम_इंटेल नेस्टेड=०. एकच अट. विंडोज गेस्टमध्ये क्रेडेन्शियल गार्ड किंवा कोअर आयसोलेशन चालू असेल तर त्याला नेस्टेड लागतं, ते आधी बघा.

खाडीकाठ
लाइटचा मुद्दा कोणीच घेतला नाही, आणि कोकणात खरं घोडं तिथेच अडतं.

लॉकडाउन एलएसएम (रूटलाही कर्नेलमध्ये ढवळाढवळ करू न देणारी सोय) कर्नेल ५.४ मध्ये आलं. इंटिग्रिटी मोडमध्ये सही नसलेली मॉड्यूल, /डेव्ह/मेम, आणि हायबरनेशन बंद होतं. शेवटचं नीट वाचा. काही ठिकाणी यूपीएसची बॅटरी उतरली की सर्व्हर हायबरनेट करायची स्क्रिप्ट असते. लॉकडाउन लावल्यावर कर्नेल ती विनंती नाकारतो, स्क्रिप्टला दुसरा मार्ग लिहिलेला नसतो, आणि बॅटरी संपली की सगळे व्हीएम धाडकन बंद. डेबियनमध्ये सिक्युअर बूट चालू केलं की लॉकडाउन आपोआप लागतं, त्यामुळे कोणी काही बदललंय हेसुद्धा लक्षात येत नाही.

म्हणून बॅटरीवर सरळ शटडाउन ठेवा. एनयूटीचा (यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) ड्रायव्हर यूएसबीवरून यूपीएसशी यूझरस्पेसमधून बोलतो, लॉकडाउनचा त्याला त्रास नाही. आता वेळ जुळवा. प्रॉक्समॉक्स बंद होताना व्हीएमला डीफॉल्ट १८० सेकंद देतो, कंटेनरला ६०. विंडोज नेमका अपडेट बसवत असेल तर १८० पुरणार नाहीत, मुदत संपली की बळजबरीने बंद. विंडोजला ६०० द्या, गेस्ट एजंट बसवा, आणि सगळ्या गेस्टच्या मुदती एकापाठोपाठ लागतील असं धरून बेरीज करा. होस्टसाठी वर तीन-चार मिनिटं.

समजा बेरीज वीस मिनिटं. १ केव्हीएचा यूपीएस, आत १२ व्होल्ट ७ एएचच्या तीन बॅटऱ्या, म्हणजे कागदावर २५२ वॉट-तास. एवढ्या ओढीवर प्रत्यक्षात साठ टक्के धरा, इन्व्हर्टरची गळती वजा जाता साधारण १३०. सर्व्हर आणि स्विच मिळून १२० वॉट, म्हणजे नवीन असताना तासभर. पण बंद खोलीत ३५ अंशांत बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या मानाने जवळपास निम्मं होतं. दोन पावसाळे झालेल्या बॅटऱ्यांवर अर्धा तास धरा, त्यातली वीस मिनिटं बंद व्हायलाच हवीत. यूपीएसच्या "लो बॅटरी" इशाऱ्यावर विसंबलात तर तो येतो शेवटच्या दोन-तीन मिनिटांत. यूपीएसच्या कॉन्फमध्ये इग्नोरएलबी लिहा आणि ओव्हरराइड.बॅटरी.चार्ज.लो = ७५ ठेवा. आकडा मोठा वाटेल, पण जुन्या बॅटरीची टक्केवारी खाली येताना उड्या मारते.

वेंगुर्लेकर_रूट
+१. आणि रे मेल्या, कर्नेल कडक केलंस, पण अर्थिंगाचा काय? एप्रिल-मेमध्ये जांभ्याची जमीन कोरडी ठणठणीत असते, अर्थचा रोध चढतो, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच. खड्ड्यात कोळसा-मीठ असेल तर उन्हाळ्यात पाणी घालत राहा.

तिरफळ
अवांतर नाही, हार्डनिंगशी थेट संबंध आहे म्हणून लिहितो. किनाऱ्यावरच्या मशीनवर हार्डन्ड कर्नेल लावला की "हा कर्नेल क्रॅश होतो, जुना बरा होता" अशी तक्रार हमखास येते. पुष्कळदा कर्नेल दोषी नसतो.

हवेतलं मीठ बोर्डावर बसतं. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याच्या वरच असते. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर तो ओलसर थर चढला की मधूनच एखादा बिट चुकतो. साधा कर्नेल ते गिळून पुढे जातो आणि तुमची फाइल गुपचूप बिघडते. हार्डन्ड कॉन्फिगमध्ये लिंक्ड लिस्टची तपासणी चालू असते (बग_ऑन_डेटा_करप्शन), ती तिथेच थांबवते.

ओळखायचं कसं? लॉगमध्ये "लिस्ट_डेल करप्शन" अशी ओळ असते, तिच्यात दोन पत्ते छापलेले असतात: असायला हवा होता तो आणि सापडला तो. दोन्ही एकाखाली एक लिहा. सगळे अंक तंतोतंत, फक्त शेवटून चौथा एकीकडे ० आणि दुसरीकडे ८ असेल तर तो एकाच बिटाचा फरक. सॉफ्टवेअरची चूक सहसा इतकी नीटनेटकी नसते, बहुधा हार्डवेअर. ईसीसी असेल तर असा एकटा बिट आधीच दुरुस्त होतो. तिथे रासडीमन (मेमरीच्या चुका नोंदवणारी सेवा) बसवून रास-एमसी-सीटीएल --समरी बघत राहा. एकाच स्लॉटवर दुरुस्त चुकांचा आकडा जुलैत चढायला लागला की समजा.

जांभा_दगड
रॅम काढायची, खोडरबरने पट्ट्या घासायच्या, परत लावायची. दुकानात वर्षानुवर्षं हेच चालतं.

तिरफळ
चालतं म्हणून बरोबर नाही. खोडरबरात घासणारी पूड असते, सोन्याचा थर मायक्रॉनपेक्षा पातळ. दोन-चार वेळा घासलं की खालचं निकेल उघडं, पुढच्या पावसात ते आणखी लवकर गंजतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, एकाच दिशेने पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. स्लॉटमध्ये फक्त हवा मारा. आणि शनिवार-रविवार सर्व्हर बंद ठेवू नका. चालू मशीन आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम असतं म्हणून दव धरत नाही. एसी ड्राय मोडवर, आर्द्रता साठच्या खाली.

जांभा_दगड
अल्कोहोल मान्य. रबर तरीही खिशात असू दे.

करवंद_रत्नागिरी
सगळ्यांचे आभार. होस्टचा कर्नेल बांधायचा नाही, वेबसाइट व्हीएममध्ये हलवायची, इतकं पक्कं. गेस्टमध्ये हार्डन्ड कर्नेल बांधण्यात अर्थ आहे का? की तिथेही डिस्ट्रोचाच?

सुरमई६४
वेबसाइटच्या गेस्टमध्ये नक्की अर्थ आहे. बांधायचाच असेल तर तिथे बांधा, कारण तिथलं हार्डवेअर नकली आणि मोजकं आहे. व्हर्टआयओ ब्लॉक, व्हर्टआयओ नेट, एक्स्ट४, सिरियल कन्सोल, आणि लागतील तेवढे एनएफटेबल्स. सगळं कर्नेलच्या आत, आणि कॉन्फिग_मॉड्यूल्स बंदच. मॉड्यूल चढवायची सोयच नाही म्हटल्यावर रूटकिटचा (सिस्टिममध्ये लपून बसणाऱ्या चोरट्या सॉफ्टवेअरचा) एक अख्खा प्रकार संपतो. इनिट_ऑन_फ्रीसुद्धा इथे बिनधास्त चालू करा, झेडएफएस नाही.

हा कर्नेल गेस्टच्या डिस्कवर ठेवू नका. होस्टवर ठेवून डायरेक्ट कर्नेल बूट करा. गेस्टमध्ये रूट झालेल्या चोराला कर्नेल बदलताच येत नाही, फाइल त्याच्या जगातच नाही. इनिटरामएफएस (बूटवेळची तात्पुरती छोटी फाइलसिस्टिम) लागत नाही, फक्त रूट= मध्ये यूयूआयडी देऊ नका, तो इनिटरामएफएसशिवाय कळत नाही. पार्टयूयूआयडी किंवा सरळ /डेव्ह/व्हीडीए१.

डेबियनचं कॉन्फिग घेऊन सुरुवात केलीत तर बांधणी सर्टिफिकेटवर अडते, सिस्टिम_ट्रस्टेड_कीज रिकामं करा. डीबग इन्फो बंद करा, नाहीतर वीसेक जीबी जागा खाईल. आणि लोकलमॉडकॉन्फिग होस्टवर चालवून ते कॉन्फिग गेस्टला वापरू नका. ते फक्त त्या क्षणी चढलेली मॉड्यूल धरतं.

वेंगुर्लेकर_रूट
क्यूईएमयूबद्दल थोडं. प्रॉक्समॉक्समध्ये क्यूईएमयू रूट म्हणून चालतं. लिबव्हर्टमध्ये (व्हीएम चालवायची दुसरी सोय) डेबियनवर ते वेगळ्या यूझरखाली, प्रत्येक व्हीएमला स्वतंत्र ॲपआर्मर प्रोफाइलसह चालतं. म्हणजे क्यूईएमयू फुटलं तर प्रॉक्समॉक्सवर थेट होस्ट गेला. २०१५ चं व्हेनम नावाचं क्यूईएमयूतलं भोक फ्लॉपी कंट्रोलरमधून आलं होतं, आणि फ्लॉपी ड्राइव्ह काढून टाकला तरी तो कोड आत जिवंतच राहायचा. तेव्हा वेबसाइटच्या व्हीएमला यूएसबी, साउंड, व्हीजीए, सीडी काही देऊ नका. सिरियल कन्सोल पुरतो. बाहेरच्या जगाला तोंड देणारे व्हीएम जास्त व्हायला लागले तर ते साध्या डेबियन आणि लिबव्हर्टवर वेगळ्या मशीनवर न्या.

करवंद_रत्नागिरी
होस्टवर मॉड्यूल्स_डिसेबल्ड=१ (म्हणजे त्यानंतर नवं मॉड्यूल चढवणं बंद) लावू का?

खाडीकाठ
लावा, पण सिसकंट्रोलच्या फाइलीत नको. ती फार लवकर वाचली जाते आणि तेव्हा व्हीहोस्ट_नेट, टन, ब्रिज, व्हीईथ चढलेले नसतात. व्हीएम उठतील पण नेटवर्क नाही, किंवा उठणारच नाहीत. ही मॉड्यूल आणि केव्हीएम_इंटेल मॉड्यूल्स-लोड.डी मध्ये लिहा, वायरगार्डचं विसरू नका. बॅकअपसाठी यूएसबी डिस्क लावत असाल तर यूएसबी_स्टोरेज, यूएएस आणि त्या डिस्कची फाइलसिस्टिमसुद्धा. सगळे गेस्ट उठल्यावर चालणाऱ्या एका सिस्टिमडी सेवेतून मग १ लिहा. फायरवॉलमध्ये नंतर नव्या प्रकारचा नियम घालायला गेलात आणि त्याचं एनएफटी मॉड्यूल चढलेलं नसेल तर नियम नाकारला जाईल, रीबूटशिवाय इलाज नाही.

पाणकावळा
शाखा लांब असेल तर एक सवय लावा. नवा कर्नेल कायमचा करू नका. बूट ओळीत पॅनिक=३० असू द्या, मग प्रॉक्समॉक्स-बूट-टूल कर्नेल पिन, आवृत्ती, आणि शेवटी --नेक्स्ट-बूट. एकदाच तो कर्नेल घेतला जातो. पॅनिक झाला तर तीस सेकंदांनी मशीन आपोआप रीबूट होतं, पण बूट पुरा होण्याआधीच पॅनिक झाला तर ते जुन्यावर परत येईलच असं धरू नका. बूट पॅरामीटर मात्र सगळ्या कर्नेलना सारखेच लागतात, त्यामुळे नवा पॅरामीटर या युक्तीने वाचत नाही. तो आधी बूट मेनूत 'ई' दाबून हाताने, एका वेळी एकच, आणि समोर कन्सोल असताना.

कोकम_सरबत
म्हणजे गणपतीला गावी गेल्यावर करायचं काम नाही.

पाणकावळा
आयपीएमआय (सर्व्हर लांबून चालू-बंद करायची आणि कन्सोल बघायची सोय) असेल तर तेही होईल. फक्त आयपीएमआयचा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, वायरगार्डमधूनच. तुमचा वायरगार्ड त्याच होस्टवर कंटेनरमध्ये आहे, म्हणजे होस्ट पडला की आयपीएमआयचा रस्ताही बंद. तो राउटरवर हलवा.